सोलापूरहून सागरी महामार्गावर: कमी खर्चात तंबूचा मुक्काम कसा करायचा

आपल्याकडे ज्वारी निघाली की मंगळवेढ्यापासून पुढं मैलोगणती रान मोकळं पडतं. एखाद्या बांधावर, बाभळीच्या सावलीला पथारी टाकली तर शेतकरी फार तर येऊन विचारतो, "कुठलं पाव्हणं?" आणि पाण्याची कळशी ठेवून जातो. याच सवयीनं आपली माणसं गाडीत तंबू टाकून कोकणात जातात आणि पहिल्याच रात्री कुणीतरी बॅटरी मारून उठवतं. किनाऱ्याला बिनमालकीची जागा नसते. समोर नारळाची वाडी असेल तर ती कुणाची तरी असते, सुरूचं बन बहुतेक वन विभागाचं असतं आणि भरती-ओहोटीच्या रेषांमधली वाळू सरकारची. ओसाड दिसणाऱ्या सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराच्या, सातबाऱ्यावरही वीस-पंचवीस नावं निघतात, त्यातली निम्मी मुंबईत.

म्हणून फुकट जागा शोधत फिरू नका, विचारून जागा मिळवा. ती बहुतेक फुकट किंवा नाममात्र पैशात मिळते. त्या बदल्यात जेवणाचे पैसे त्याच घरात खर्च करायचे. हा लेख रत्नागिरी ते मालवण या पट्ट्यापुरता आहे, कारण सोलापूरहून गाडीनं जायला तोच सगळ्यात सरळ पडतो.

तारीख ठरवताना पंचांग काढा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने तंबूचे. मार्चपासून दमटपणा वाढतो. सोलापूरचं ऊन कडक असलं तरी कोरडं. किनाऱ्यावर तापमान कमी दिसतं, पण तंबूत घामानं जीव नकोसा होतो. जून ते सप्टेंबर तंबूचा विचारही नको. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नाताळ ते नवं वर्ष या आठवड्यातही जाऊ नका. तेव्हा अंगणालासुद्धा भाव येतो.

महिना ठरला की तिथी बघायची. दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच, त्यामुळे ते घरात असेलच. नसेल तर भिंतीवरचं कॅलेंडर चालेल. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, एकादशीला सव्वाआठला. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि पुन्हा सव्वासहा तासांनी दुसरी भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढं सरकते.

आता पौर्णिमेचा हिशेब करून बघा. पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. दिवसा एकदा आणि रात्री एकदा. त्यात पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा बरंच वर चढतं. चांदण्यात समुद्रकाठी झोपायचं म्हणून लोक हौसेनं पौर्णिमा निवडतात आणि महिन्यातलं जवळपास सगळ्यात मोठं पाणी नेमकं ते गाढ झोपेत असताना येतं. सप्तमी ते नवमी घ्या. तेव्हा भांगेची भरती असते, पाणी फार चढत नाही, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला ओहोटी असते. चांदणंही शुक्ल अष्टमीला मध्यरात्रीपर्यंत पुरतं.

पाणी कुठवर येतं हे वाळूवरच लिहिलेलं असतं. सुकलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा चुरा, प्लॅस्टिकच्या बाटल्या अशी एक वाकडीतिकडी ओळ किनाऱ्याला समांतर दिसते. ती मागच्या भरतीची खूण. अशा दोन ओळी असतील तर वरची ओळ उधाणाची. जेवायला, बसायलासुद्धा या वरच्या ओळीच्याही वर, जमिनीच्या बाजूला थांबा. झोपायला तर वाळूवर नकोच.

जाण्याचा रस्ता

सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी. एकूण 360 किलोमीटरच्या आसपास. पहाटे चारला निघा. ऊस गाळपाचा हंगाम आणि तंबूचा हंगाम एकच, त्यामुळे सांगोल्यापासून कोल्हापूरपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर भेटतात. मागं दिवा नसतो, आणि अंधारात उसाचा डोंगर एकदम पुढ्यात उभा राहतो. उजाडेपर्यंत वेग आवरता ठेवा. आंबा घाट दिवसाउजेडीच उतरायचा. धुकं, वळणं आणि रुंदीकरणाची कामं हे तिन्ही एकदम वाट्याला येऊ शकतं.

गाडी नसेल तर रेल्वे कोल्हापूरलाच संपते. तिथून पुढं एसटी. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आणि 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाचा प्रवासखर्च एकदम उतरतो. मात्र तंबू, भांडी पाठीवर घेऊन एसटीनं जायचं तर मुक्काम एकच धरा. रोज जागा बदलणं जमणार नाही.

हातखंब्याहून थेट रत्नागिरीत न शिरता मुंबई-गोवा महामार्गानं निवळीवरून गणपतीपुळ्याला जा. तिथून आरे-वारेच्या रस्त्यानं समुद्राला धरून खाली रत्नागिरीत या. एका बाजूला सड्याचा उतार, दुसऱ्या बाजूला खाली पांढरी वाळू, मध्ये खाडीवरचे पूल. हा तुकडा घाईत उरकू नका. पुढं भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे, जैतापूर, मग सिंधुदुर्गात विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण. किलोमीटर कमी वाटतात पण रस्ता खाडीपाशी उतरतो, पुन्हा सड्यावर चढतो, गावागावांतून अरुंद होतो. तासाला तीस किलोमीटर धरले तर दिवस नीट बसतो. पेट्रोल रत्नागिरीत आणि देवगडला टाकी भरून घ्या. थोडी रोकड जवळ ठेवा, कारण खाडीकाठच्या खोलगट गावांत रेंज जाते आणि फोनवरून पैसे देणं अडतं.

मुक्काम कुठं मागायचा

पहिली पसंती घराच्या अंगणाला. कोकणात त्याला खळं म्हणतात. पावसाळ्यानंतर ते सारवून, चोपून सपाट केलेलं असतं, वर बहुतेक मांडव. मालगुंड, गावखडी, कुणकेश्वर, मिठबाव, तोंडवळी या बाजूला घरगुती राहण्याची सोय करणारी घरं आहेत. खोली नको, खळ्यात किंवा वाडीत तंबू टाकतो, जेवण तुमच्याकडेच घेतो, असं सांगितलं की बरेच जण तयार होतात. संडास आणि विहिरीचं पाणी मिळतं, गाडी नजरेसमोर राहते, बायकामुलं निर्धास्त झोपतात.

दुसरी पसंती देवस्थानांच्या भक्तनिवासांना. गणपतीपुळे, पावस, कुणकेश्वर इथं माफक दरात खोल्या मिळतात. हा तंबू नव्हे, पण चार रात्रींत एक रात्र पाठ सरळ करायला, कपडे धुवायला आणि फोन चार्ज करायला उपयोगी. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात दुपारी प्रसाद असतो. दानपेटीत आपल्या जेवणाएवढं टाका.

तिसरी सोय फक्त अडल्यावर: हमरस्त्यावरचा, चोवीस तास उघडा मोठा पेट्रोलपंप. मालवाहू गाड्यांचे चालक जिथं झोपतात तिथं व्यवस्थापकाला विचारून गाडीतच झोपायचं. काचा दोन-दोन बोटं खाली, त्यावर मच्छरदाणीचं कापड चिकटवायचं. इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपू नका, धूर आत साठून माणसं झोपेतच जातात.

कुठं टाकू नये, याची यादी मोठी आहे. सुरूच्या बनात परवानगीशिवाय नको. खाली सुकलेल्या काड्यांचा गालिचा असतो, एका ठिणगीत पेटतो. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही संरक्षित स्मारकं आहेत, तिथं रात्रीचा मुक्काम चालत नाही. आमराईत मार्च ते मे विचारूच नका. तेव्हा हापूसवर राखणदार असतो आणि अनोळखी माणूस म्हणजे त्याला चोरच वाटणार. गावखडीला समुद्री कासवं अंडी घालायला येतात. हंगामात रात्री किनाऱ्यावर बॅटरी, गाडीचे दिवे, गाणी काहीही नको.

आणि सडा. जांभ्या दगडाचं हे उघडं पठार बघून आपल्या माणसाला एकदम घरच्यासारखं वाटतं: सपाट, मोकळं, आभाळ भरून चांदण्या. पण उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं कोरलेली आहेत. युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत 2022 मध्ये त्यांचं नाव गेलं. धूळ आणि गवत साठलं की कोरीव रेषा पायाखाली असूनही कळत नाहीत. अशा जागी गाडी घालणं किंवा चूल पेटवणं म्हणजे गुन्हाच. सडा दिवसा पाहून घ्या आणि मुक्कामाला गावात या.

विचारायचं कसं

दुपारी चारच्या आत. दिवेलागणीनंतर अनोळखी गाडी दारात आली की कुठल्याही गावात माणूस सावध होतो. गाडी लांब लावून चालत जा, घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला. शब्द साधे ठेवा: "काका, आम्ही सोलापूरचे. घरची माणसं आहोत. एक रात्र तुमच्या खळ्यात तंबू टाकला तर चालेल का? जेवण तुमच्याकडेच घेऊ, सकाळी आठला निघू." देवगडच्या पुढं "खंयसून इलास?" असा प्रश्न येईल. सोलापूर म्हटल्यावर पुढचा विषय बहुधा चादर किंवा पंढरपूर. तिथून गप्पा आपोआप सुरू होतात.

पैशांचं आधी बोला, नंतर नको. ते नको म्हणाले तरी जागेचे आणि पाण्याचे म्हणून तंबूमागे दोन-तीनशे रुपये आपणहून पुढं करा. शेंगा चटणीचा एखादा पुडा जास्तीचा न्यावा. नारळ-मासळीच्या मुलखात तिचं अप्रूप फार. दारू पिणार असाल तर अंगण मागू नका, सरळ खोली घ्या. घरमालक नाही म्हणाले तर कारण न विचारता दुसरं घर बघा. सामाईक जागेत एका भावाला विचारून दुसऱ्याची कुरबूर ओढवून घेण्यापेक्षा ते बरं. मोठा गट असेल, सात-आठ तंबू असतील, तर आधी ग्रामपंचायतीत जाऊन बोला.

तंबू उभा करताना

पहिली गोष्ट वर बघायची. नारळाखाली तंबू नाही आणि गाडीही नाही. वाऱ्यानं झावळी सुटली तरी खांब वाकतो, नारळ पडला तर काय होईल ते सांगायला नको. पोफळीत, म्हणजे सुपारीच्या बागेत, चालेल, पण तिथं डास जास्त.

नंतर वारा. दुपारपासून संध्याकाळपर्यंत समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात, रात्री उलटून जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे सुटतात. म्हणून दार थेट पश्चिमेला किंवा पूर्वेला न ठेवता उत्तर किंवा दक्षिणेला ठेवलं की दोन्ही वेळा वाळू-धूळ तोंडावर येत नाही. जाळीच्या खिडक्या मात्र समोरासमोर उघड्या हव्यात. बंद तंबूत श्वासाची वाफ आतून थिजते आणि पहाटे अंगावर थेंब पडायला लागतात. लोकांना वाटतं तंबू गळतो.

खाली ताडपत्री हवीच, पण ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान दुमडून घाला. बाहेर राहिली की दवाचं पाणी तिच्यावरून घरंगळत तळाखाली जमा होतं. जांभ्यात खुंटी शिरत नाही, हातोडा मारून वाकवू नका. दोऱ्या चिऱ्यांना, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडांना, बांधा. वाडीतली भुसभुशीत वाळूमिश्रित माती असेल तर उलट अडचण, खुंटी धरतच नाही. तिथं पिशवीत वाळू भरायची, तोंडाला दोरी बांधायची आणि ती पिशवी हातभर खोल पुरून वरून माती दाबायची. जोराच्या वाऱ्यातही हलत नाही. रिकामी पोती चार-पाच न्या, वजन काहीच नाही.

अंथरायला आपली सोलापुरी चादर उत्तम, खाली चटई टाकून. पांघरायला ती नेऊ नका. जाड सुती कापड दव शोषून घेतं आणि दमट हवेत दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. हलकं ब्लँकेट पुरतं, थंडी आपल्या डिसेंबरएवढी नसते. तंबू नवीन असेल तर निघण्यापूर्वी एकदा गच्चीवर किंवा नातेवाइकांच्या शेतात उभा करून त्यात रात्र काढा. कुठला खांब कुठल्या भोकात, हे खळ्यात आठ माणसं बघत असताना शिकण्यात मजा नाही.

पाणी, चूल, शिदोरी

पाणी जपून वापरायला सोलापूरकराला शिकवावं लागत नाही. पण एवढ्या पावसाच्या मुलखात टंचाई असेल हे खरं वाटत नाही, म्हणून सांगतो: जांभा पाणी धरत नाही, आणि मार्चनंतर सड्यावरच्या वाड्यांच्या विहिरी तळाला जातात. वीस लिटरचा जार गाडीत भरलेला ठेवा आणि आंघोळीला दोन बादल्यांत भागवा.

कडक भाकरी आणि शेंगा चटणी ही प्रवासाची राजा शिदोरी, पण किनाऱ्याच्या हवेत भाकरी उघडी राहिली तर एका रात्रीत वातड होते. हवाबंद डब्यात, चार-चारच्या पुड्या करून ठेवा आणि एका वेळी एकच पुडी फोडा. दुपारचं जेवण यावर भागवायचं, दही गावात मिळतं. रात्रीचं जेवण घरमालकांकडे: भात, आमटी, सोलकढी, हवी तर मासळी. मासळीचा भाव रोज बदलतो, ताट सांगण्याआधी विचारा.

चहापुरती छोटी गॅसशेगडी पुरे. तंबूच्या आत ती कधीच पेटवू नका, वारा असला तरी नाही. सिलिंडर बंद गाडीत उन्हात ठेवू नका. शेकोटी हवीच असेल तर घरमालकांना विचारून त्यांच्याच चुलीच्या जागी. कचऱ्याची एक पिशवी गाडीत टांगा आणि ती शहरात आल्यावरच टाका. खेड्यात टाकलेलं प्लॅस्टिक पुढच्या उधाणाला समुद्रात जातं.

साप आणि समुद्र

जांभ्याच्या मुलखात फुरसं सापडतं. वीतभर-हातभर लांबीचा, मातकट, दगडाखाली बसणारा विषारी साप. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, चिरा उचलताना आधी काठीनं हलवा, बूट तंबूत घ्या आणि सकाळी झटकून घाला. चावलाच तर आवळपट्टी नाही, कापणं नाही, मांत्रिक नाही. तो अवयव हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी 108, इतर कुठल्याही मदतीला 112, समुद्रातल्या संकटाला तटरक्षक दलाचा 1554.

समुद्राबद्दल थोडं कठोर बोलतो. घाटमाथ्यावरचे लोक विहिरीत, तलावात पोहायला शिकलेले असतात आणि तेवढ्या भरवशावर गणपतीपुळ्याला पाण्यात उतरतात. तिथं दरवर्षी दुर्घटना होतात. तलावाचं पाणी जागेवर असतं, हे पाणी ओढतं. गुडघाभर पाणी ही मर्यादा धरा, ओहोटी लागलेली असताना तेवढंही नको, आणि जीवरक्षकानं शिट्टी मारली की वाद न घालता बाहेर या. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका, ओढीचा पट्टा अरुंद असतो, तो संपला की बाहेर येता येतं.

गाडी वाळूत घालू नका. ओली वाळू कडक दिसते, चाक थांबलं की रुततं. मग भरती येण्याआधी ट्रॅक्टरवाला सांगेल तो दर द्यावा लागतो.

खर्च

सोलापूर-रत्नागिरी-मालवण-कोल्हापूर-सोलापूर ही फेरी साधारण साडेनऊशे किलोमीटरची. 18 चं ॲव्हरेज धरलं तर 53 लिटर. हाच सगळ्यात मोठा खर्च, आणि तो गाडीत दोघं बसली तरी तेवढाच, चौघं बसली तरी तेवढाच. म्हणून माणसं चार करा. मुक्कामाचा खर्च तंबूमुळे खोलीच्या भाड्याच्या किरकोळ हिश्श्यावर येतो, जेवण मात्र चांगलं आणि घरचं घ्या. काटकसर तिथं करायची नाही. तंबू विकत घेण्याआधी कुणाचा तरी उसना मिळतो का बघा. वर्षातून एकदा वापरायला महागडा तंबू घेऊन माळ्यावर टाकणारी घरं सोलापुरात कमी नाहीत.

परत येताना

मालवणहून कणकवली, फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी करत कोल्हापूर. फोंडा घाटही दिवसा चढायचा. दाजीपूरच्या जंगलात गवे रस्त्यावर येतात. कोल्हापुरात गाडी खालून पाण्यानं धुऊन घ्या, नुसती वरून नको. खारी हवा आणि वाळू चाकांच्या आत, सायलेन्सरवर बसते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत गंज धरते.

घरी आलात की तंबू तसाच गुंडाळून ठेवू नका. साध्या पाण्यात खुंट्या आणि चेन धुवा, मीठ राहिलं की चेन अडकायला लागते. मग गच्चीवर सावलीत, उलटासुलटा करून पूर्ण वाळवा. भर उन्हात टाकलात तर आपल्या सूर्यापुढं त्याचं कापड दोन वर्षं टिकणार नाही.